दिवसभर दुकानात उभा असतो, फोटोत एक खांदा खाली दिसतो… उभं राहण्याची काही पद्धत असते का?

काउंटरवाला_जळगाव

राम राम मंडळी. वय ३९, वजन ७२, जळगावला फुले मार्केटकडे साडीच्या दुकानात सेल्समन आहे, चौदा वर्ष झाली. आधी आमची गादी होती, मांडी घालून बसायचो, समोर साड्या उलगडायच्या, गिऱ्हाईक पण बसायचं, चहा व्हायचा. सहा वर्षांपूर्वी शेटजींनी दुकान नवीन केलं, गादी गेली, काचेचं काउंटर आलं, खाली चकचकीत टाइल्स आल्या आणि आम्ही चारही जण उभे झालो. सकाळी साडेदहा ते रात्री नऊ. लग्नसराईत डबा पण गोडाऊनमध्ये उभ्याउभ्याच खातो.

मागच्या महिन्यात एरंडोलला साल्याचं लग्न होतं. स्टेजवरचा ग्रुप फोटो आला व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यात मी असा उभा की उजवा खांदा चांगला दीड-दोन इंच खाली आणि उजवी कंबर बाहेर काढलेली. बायको म्हणे तुम्ही नेहमीच असे उभे राहता, आज दिसलं का? मग जुने फोटो काढून बघितले तर चार-पाच वर्षांपासून सगळ्यात तेच, त्याच्या आधीच्या फोटोत मात्र सरळ. कंबर उजव्या बाजूला खाली दुखते, सकाळी नाही, संध्याकाळी पाचनंतर सुरू होते आणि दुकान बंद करेपर्यंत पार टेकीला येतो. पाय सुन्न वगैरे काही नाही.

आता प्रश्न असा की मी वाकडा उभा राहतो म्हणून दुखतं, का काहीतरी दुखतं म्हणून मी वाकडा उभा राहतो? दोन दिवस मुद्दाम एकदम छाती काढून ताठ उभा राहिलो तर पाठ आणखीच भरून आली, मग सोडून दिलं. उभं राहायला काय शिकायचं असतं असं वाटेल, पण कोणाला माहिती असेल तर सांगा. एमआरआय काढू का?

भरीत_भाकरी

एमआरआयच्या नादी लागू नको भो. आमच्या चुलतभावाला असंच होतं, त्याला एका हाडवैद्याकडे नेलं, त्याने पालथं झोपवून दोन्ही टाचा जुळवल्या आणि म्हणे बघ एक पाय अर्धा इंच लहान झालाय, माकडहाड सरकलंय. कडाकडा दोन झटके दिले, भाऊ म्हणे एकदम हलकं वाटलं. पंधरा दिवसांनी परत पाय लहान. परत झटके. असे सहा महिने चाललंय त्याचं, पाय काही एका मापात येत नाही. तरी जाऊन बघायचं असेल तर पत्ता देतो.

फिजिओ_भुसावळ

पत्ता देऊ नका हो, प्लीज.

काउंटरवाले दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, भुसावळला. रेल्वेतले लोक माझ्याकडे खूप येतात, त्यात उभ्याने ड्युटी असणारे पुष्कळ, त्यामुळे तुमची तक्रार ओळखीची आहे. लांबलचक लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी एक गैरसमज. आपल्याला वाटतं उभं राहणं म्हणजे खांबासारखं स्थिर. तसं कोणीच उभं राहत नाही. लहानपणी तळहातावर झाडूची काडी उभी धरायचा खेळ खेळला असाल, काडी उभी दिसते पण हात सारखा इकडेतिकडे सरकत असतो, तसंच आहे हे. शरीराचा गुरुत्वमध्य उभं असताना साधारण ओटीपोटाच्या आत, माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या जरा पुढे असतो, म्हणजे जमिनीपासून चांगला उंच, आणि तो तोलायला खाली जागा काय तर दोन पावलं आणि त्यांच्या मधली जागा. म्हणून आपण प्रत्येक क्षणाला थोडं पुढे, थोडं मागे, थोडं बाजूला झुलत असतो. डोळे, आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, आणि तळवे-घोटे-मान इथून जाणाऱ्या खबरा, या तिन्हीवरून मेंदू ते दुरुस्त करत राहतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता सरळ म्हणजे काय. गवंड्याचा ओळंबा माहिती आहे ना? तो बाजूने शरीरासमोर धरला तर दोरी कानाच्या पाळीवरून, खांद्याच्या मध्यावरून, खुब्याच्या बाहेरच्या हाडावरून, गुडघ्याच्या मध्याच्या किंचित पुढून आणि घोट्याच्या हाडाच्या एकदोन बोटं पुढून गेली पाहिजे. घोट्याच्या पुढून, हे लक्षात घ्या. म्हणजे शरीर सतत थोडं पुढे पडायला बघतं आणि पोटरी त्याला मागे ओढून धरते. खुबा आणि गुडघा मात्र असे रचलेले आहेत की रेषा जागेवर असली की तिथे फार जोर लागत नाही, हाडावर हाड बसून भार खाली जातो. रेषेतून एखादा भाग बाहेर गेला, समजा मान पुढे आली किंवा पोट पुढे लोंबलं, की तेवढ्याच भागाला धरून ठेवायला मागचे स्नायू दिवसभर राबतात.

छाती काढून ताठ उभं राहिल्यावर दुखलं ते साहजिकच होतं. छाती काढली की बरगड्या वर जातात, कंबरेची आतली वळणी वाढते, गुडघे मागे लॉक होतात. म्हणजे एक वाकडेपणा काढून दुसरा घातला.

आणि तुम्ही जे करता, एका पायावर भार टाकून कंबर बाहेर, त्यात शरीराची चलाखी आहे. तो खुबा बाहेर सरकला की स्नायू सुट्टी घेतात आणि मांडीच्या बाहेरून जाणारा जाड पट्टा आणि सांध्याचे अस्थिबंध ताणून त्यावर शरीर लटकतं. गाडी न्यूट्रलला टाकून नुसत्या हँडब्रेकवर चढावर उभी केल्यासारखं. पाच मिनिटं काही होत नाही, सगळं जग असं उभं राहतं, बसस्टँडवर बघा. पण रोज तासन् तास, आणि कायम उजवीकडेच? मग त्या बाजूच्या कंबरेचा स्नायू आखडतो आणि खुब्याच्या बाजूचा स्नायू लांबलेल्या अवस्थेत आळशी होतो.

घरी दोन गोष्टी करा. दोन वजनकाटे मिळवा, एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून नेहमीसारखे उभे राहा, खाली बघू नका, आकडे बायकोला वाचायला सांगा. आणि पुढे वाकून हात मोकळे सोडा, मागून तिला बघू द्या पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का. पाठ एकसारखी असेल तर मणका वळलेला असण्याची शक्यता कमी, वाकडेपणा सवयीचा. हो आणि दुकानात तुमच्या पायाखाली, काउंटरच्या खाली काय आहे ते नीट बघून सांगा. मागे रॅक कुठल्या बाजूला, बिलबुक कुठल्या बाजूला, सगळं.

एमआरआय आत्ता नको. पायात जोर कमी झाला, बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखा वाटला तर मात्र एक दिवसही न थांबता डॉक्टर.

भरीत_भाकरी

मॅडम मग भावाचा पाय खरंच लहान आहे का नाही?

फिजिओ_भुसावळ

झोपवून टाचा जुळवल्या तर कंबरेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला असेल तरी तो पाय वर ओढला जातो आणि लहान दिसतो. झटका दिला की स्नायू थोडा वेळ सैल पडतो, पाय लांब दिसतो, पंधरा दिवसांनी परत जैसे थे. हाडाची खरी लांबी मोजायची तर कंबरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत टेप लावतात. आणि पाच-सात मिलिमीटरचा फरक तर कितीतरी धडधाकट लोकांत असतो, त्यांना जन्मभर कळतही नाही.

अमळनेरचा_टेलर

आम्हाला कोणी विचारत नाही पण गावातले वाकडे-तिकडे खांदे सगळ्यात आधी टेलरला कळतात. तीस वर्ष मशीनवर आहे. शर्ट घातला की एका बाजूला कॉलर मानेपासून सुटते आणि काखेत चुणी पडते, म्हणजे तो खांदा उतरलेला. तिथे आम्ही कापडच अर्धा पाव इंच कमी काढतो नाहीतर आत पॅड देतो, गिऱ्हाईकाला सांगत बसत नाही, उगाच मनाला लावून घेतात. पॅन्टचं माप घेताना तर मजा असते. माप म्हटलं की माणूस श्वास रोखून पोट आत ओढून पोलीस भरतीला आल्यासारखा उभा राहतो. मी टेप गळ्यात टाकून दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलतो, पाऊसपाणी, कापसाचा भाव, मग तो आपोआप त्याच्या खऱ्या उभं राहण्यावर येतो, तेव्हा माप घेतो. नाहीतर पॅन्ट घरी गेल्यावर एक मोहरी वर एक खाली.

काउंटरवाले भाऊ, तुमच्या पॅन्टची उजवी मोहरी वर राहते का?

काउंटरवाला_जळगाव

टेलरभाऊ पाया पडतो तुमच्या. उजवीच वर राहते. मी इतके दिवस आमच्या टेलरला शिव्या देत होतो.

रावेरकर

केळीच्या गाडीवर मजुरी केलेली आहे, आता स्वतःची थोडी बाग आहे. तुमच्या दुखण्याचा मोठा भाऊ मी पाहिलेला आहे. घड कापला की डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन बांधावरच्या गाडीपर्यंत न्यायचा, एकेक घड वीस-पंचवीस किलोचा. जो डोक्यावर चुंबळ ठेवून नेतो त्याची मान बघा, बाण. डोकं हललं तर घड पडेल म्हणून सगळं अंग त्या वजनाच्या बरोबर खाली येतं, चाल पण गुळगुळीत. आणि जो खांद्यावर नेतो तो नेहमी एकाच खांद्यावर नेतो. आमच्या टोळीत एक काका होते, त्यांच्या उजव्या खांद्यावर मांसाचा गोळाच तयार झाला होता, लिंबाएवढा, घट्टा पडल्यासारखा. घड उजवीकडे असला की माणूस डावीकडे कलतो ना, तोल धरायला, तर ते काका घड नसला तरी डावीकडेच कललेले. चहाच्या टपरीवर उभे असले तरी आम्ही म्हणायचो काका घड खाली ठेवा आता.

तेव्हा हसायचो. तुमचा फोटोचा किस्सा वाचून ते आठवलं. वजन गेलं तरी अंगाने ते धरून ठेवलेलं असतं.

आमचा मुकादम एक हुशारी करायचा, दुपारनंतर सगळ्यांना खांदा बदलायला लावायचा. सुरुवातीला घड पडायचे, शिव्या बसायच्या, आठ दिवसांनी हात बसायचा.

यावलची_ताई

मी पण बोलते, उभं राहणं काय फक्त दुकानात आहे का? माझी उंची पाच फूट सात इंच, आणि सासरचा ओटा सासूबाईंच्या उंचीचा, त्या पाच फुटाच्या आतल्या. एकोणीस वर्ष त्या ओट्यावर पोळ्या लाटल्या, वाकून. मान खाली, खांदे पुढे, आणि पोट ओट्याला टेकवलेलं, कारण नुसतं वाकून उभं राहिलं की कंबरेची वाट लागते म्हणून पोटाने टेकू घ्यायचा. गाऊनवर पोटाजवळ ओली पट्टी कायम. डॉक्टर म्हणे सर्व्हायकल, डॉक्टर म्हणे कॅल्शियम घ्या. ओट्याकडे कोणी बघितलं नाही. मागच्या वर्षी घर वाढवलं तेव्हा मी मिस्त्रीला म्हटलं माझा कोपर मोजा, कोपराच्या चार बोटं खाली पोळपाट आलं पाहिजे त्या हिशोबाने ओटा घ्या. सगळे हसले, नणंद म्हणे ओटा काय शिवून घेतेय का. आता तीच पोळ्या लाटायची वेळ आली की म्हणते वहिनी तुमच्या ओट्यावर मला हात उचलून लाटावं लागतं, खांदे दुखतात! तिच्यासाठी पाट ठेवलाय खाली उभं राहायला.

दादा तुमच्या काउंटरची उंची बघा आधी.

एनसीसी_धुळे

दोन पैसे माझे पण. कॉलेजात एनसीसीत होतो, पंधरा ऑगस्टच्या परेडला सावधानमध्ये उभं राहून राहून आमच्यातला एक जण धाडकन तोंडावर पडला, दात तुटला. आम्हाला वाटलं नाश्ता केला नसेल. उस्ताद म्हणे गुडघे लॉक करून उभा होता गाढव. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरी करते, ती दाबली-सोडली गेली की पंप चालतो, गुडघे मागे कुलूप लावून पुतळ्यासारखं उभं राहिलं की पंप बंद, रक्त पायात साचतं, डोक्याला कमी पडतं आणि माणूस आडवा. तेव्हापासून उस्तादाने शिकवलं की बाहेरून पुतळा दिसायचं पण बुटाच्या आत बोटं हलवत राहायची आणि गुडघा केसभर सैल. आजही बँकेच्या लाइनीत बुटात बोटं हलवतो मी.

आता मे महिन्यात जळगावला ४५ डिग्री असताना दहा तास उभे असाल तर हे नक्की करा. पायाच्या शिरा फुगतात ते पण यामुळेच, उभ्याने काम करणाऱ्यांना जास्त.

तापीकाठ

विषय जरा बाजूला नेतोय, माफी. एका पायावर भार टाकून उभं राहणं म्हणजे दोष असं सरसकट नका म्हणू. अजिंठा आपल्यापासून साठेक किलोमीटरवर, पहिल्या लेणीतला पद्मपाणी आठवा. मान एकीकडे, धड दुसरीकडे, कंबर तिसरीकडे, याला त्रिभंग म्हणतात. आणि दोन्ही पायांवर सारखा भार, तो समभंग, आपला विठोबा तसा उभा. शिल्पकारांना दोन्ही माहिती होतं. जिवंत, मऊ, माणसासारखं दाखवायचं असलं की भार एका पायावर टाकायचे. माणसाचं नैसर्गिक उभं राहणं ते हेच.

काउंटरवाला_जळगाव

तापीकाठ दादा, पद्मपाणीला साड्या नव्हत्या दाखवायच्या रात्री नऊपर्यंत 😄

नंदुरबारची_पोर

माझ्या आईचं वेगळंच आहे, इथे विचारू का? वय ६३, शुगर आहे बारा वर्षांपासून. दिवसा नीट चालते उभी राहते. पण सकाळी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले की बेसिनला धरते, म्हणते कोणीतरी मागून ढकललं असं होतं. रात्री लाइट गेली की तर पाऊलच उचलत नाही. आम्हाला वाटलं चक्कर आहे, गोळ्या चालू आहेत चक्करच्या, फरक शून्य.

फिजिओ_भुसावळ

ताई, बरं झालं विचारलंत. वर मी तीन खबरा म्हटल्या ना, डोळे, आतला कान, आणि तळवे-सांधे. यातली एखादी कमी पडली तरी बाकीच्या दोन सांभाळून घेतात. शुगरने तळव्यांच्या नसा बधिर झाल्या की मेंदूला पाय जमिनीवर कसा टेकलाय ते नीट कळत नाही, मग सगळी भिस्त डोळ्यांवर. साबण लावून डोळे मिटले किंवा अंधार झाला की ते पण गेले. एकोणिसाव्या शतकात रोम्बर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हेच लिहून ठेवलं, पाय जुळवून उभं करायचं आणि डोळे मिटायला सांगायचे, त्यांच्या नावाची ती तपासणी आजही रोज करतात. पण घरी एकट्याने करू नका, आई पडेल. डॉक्टरांना नेमकं हे तोंड धुण्याचं सांगा, "चक्कर येते" एवढंच सांगू नका, आणि तळव्यांची संवेदना तपासून घ्या. तोवर बेसिनजवळ धरायला दांडी, रात्री बाथरूमपर्यंत लहान दिवा चालू, आणि घरात स्लिपर-मोज्यांपेक्षा घट्ट बसणारी, पातळ तळाची चप्पल.

ग्रुपवरचा_काका

एक फॉरवर्ड आलंय, एका पायावर दहा सेकंद उभं राहता आलं नाही तर सात वर्षात माणूस जातो. मी करून बघितलं, सहा सेकंद झाले. काय समजायचं?

फिजिओ_भुसावळ

काका काही होत नाही तुम्हाला 🙂 अभ्यास खरा आहे, २०२२ चा, ब्राझीलमधला, ५१ ते ७५ वयाचे १७०२ लोक, सरासरी सात वर्ष त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दहा सेकंद न जमलेल्यांत पुढे मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, पण त्यांच्यात शुगर, वजन, हृदयविकार पण जास्त होते. तोल ढासळणं ही तब्येतीची एक खूण आहे. खूण म्हणजे कारण नाही. रोज भिंतीजवळ उभं राहून, एक बोट भिंतीला लावून सराव करा, महिन्याभरात सहाचे दहा होतील बघा. चप्पल काढून करा.

आणि त्याच्यासोबत दुसरं फॉरवर्ड फिरतं ना, मोबाईल बघताना मानेवर २७ किलो भार येतो म्हणून, ते २०१४ मधलं गणित आहे, मान साठ अंश झुकली तर किती भार येईल याचं मॉडेल. डोकं स्वतः साडेचार-पाच किलोचं असतं. मान पुढे गेली की भार वाढतो हे बरोबर, पण कोणाच्या मानेत काटा लावून मोजलेलं नाही ते.

काउंटरवाला_जळगाव

मंडळी रिपोर्ट आणलाय, ऐका.

वजनकाटे. एक आमचा, एक शेजाऱ्यांचा. आधी दोन्हीवर वेगवेगळा उभा राहिलो, फरक अर्ध्या किलोचा, म्हणजे ठीक. मग एकेक पाय. बायकोने वाचलं, उजवा ४२, डावा ३०. मला शप्पथ वाटत होतं की मी एकदम मधोमध उभा आहे! मग तिने सांगितलं डावीकडे या, या, अजून या, ३६-३६ ला आलो तेव्हा मला असं वाटलं की मी डाव्या बाजूला पडतोय. हे सगळ्यात विचित्र. डोक्यातलाच ओळंबा वाकडा झालाय माझा.

पाठ वाकून बघितली, एकसारखी आहे म्हणे.

ओळंबा पण केला, घराचं काम चालू आहे समोर त्या मिस्त्रीकडून मागून आणला, दाराच्या चौकटीला टांगला, पोराने बाजूने फोटो काढला. कान दोरीच्या तीन बोटं पुढे, पोट पुढे, गुडघे मागे कमानीसारखे. पोरगा म्हणे पप्पा तुम्ही प्रश्नचिन्ह दिसता.

आता मेन गोष्ट. मॅडमनी काउंटरखाली बघायला सांगितलं. तिथे माझ्या डाव्या पायाच्या जागेवर इन्व्हर्टरची बॅटरी आहे! सहा वर्षांपूर्वी फर्निचरवाल्याला जागा नव्हती म्हणून तिथे सरकवली ती तिथेच. त्यामुळे उजवा पाय काउंटरला लागून पुढे जातो आणि डावा वीतभर मागे, तिरका, नुसता टेकवलेला. भार जाणार कुठे, उजवीकडेच. वर बिलबुक आणि कॅल्क्युलेटर पण उजवीकडे. मी रोज तिथे उभा राहतो आणि मला बॅटरी दिसत नव्हती.

फिजिओ_भुसावळ

अगदी हेच ऐकायचं होतं. आणि ते पडल्यासारखं वाटणं एकदम बरोबर आहे, सहा वर्षांत मेंदूने ४२-३० लाच मध्य मानून घेतलंय. म्हणून आरशात बघून किंवा काट्यावर उभं राहून रोज दोन-तीन मिनिटं खरा मध्य त्याला दाखवायचा, हळूहळू ओळख पटते.

बॅटरी हलवा. बॅटरीच्या जागी वीतभर उंचीचा खोका किंवा लाकडी पाट ठेवा आणि त्यावर एक पाय, दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा. पाय वर घेतला की कंबरेची वळणी सैल पडते. भार एका पायावर घ्यायला ना नाही, बाजू बदलत राहा, रावेरकरांच्या मुकादमासारखं. टाइल्सवर जाड रबरी मॅट. गुडघे लॉक नको, एनसीसीवाल्या दादांचं ऐका. उजवीकडे आखडलेल्या कंबरेसाठी रात्री ताण देणं, आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, पंधरा-पंधरा वेळा, ते जमलं की पुढचं सांगते. छाती काढू नका. डोक्याच्या शेंडीला कोणी दोरा बांधून हलकंच वर धरलंय असं समजा, बस.

आणि दर अर्ध्या तासाने चार पावलं चाला. एकदम परफेक्ट सरळ उभं राहून पण दहा तास काढले ना, तरी दुखणारच.

भरीत_भाकरी

चटईच्या गावात राहून मॅट विकत घ्यायची म्हणजे कमाल आहे भो.

काउंटरवाला_जळगाव

ती प्लास्टिकची चटई चारपदरी करून टाकून पाहिली आधीच 😄 काही उपयोग नाही, घसरते वरून.

कापूसवाला_पारोळा

जिनिंगमध्ये काम केलेला माणूस आहे म्हणून सांगतो. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसायला सोय ठेवली पाहिजे असं फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ मध्येच लिहिलेलं होतं, कलम ४४. दुकानांसाठी केरळने २०१८ ला आणि तामिळनाडूने २०२१ ला बसण्याचा हक्क कायद्यात घातला, केरळात तर कापड दुकानातल्या बायांनीच त्यासाठी लढा दिला, तुमच्यासारख्याच साड्या दाखवणाऱ्या. शेटजींना मॅडमनी सांगितलेले व्यायाम नका सांगू, एक स्टूल मागा.

काउंटरवाला_जळगाव

मागितलं. शेटजी म्हणे गिऱ्हाईक उभं आणि सेल्समन बसलेला बरं दिसत नाही. मी म्हटलं गादीवर चौदातली आठ वर्ष बसूनच विकल्या ना साड्या, तेव्हा बरं दिसत होतं. हसले फक्त. स्टूलचं बघू म्हणे, दिवाळीनंतर.

बॅटरी मात्र दहाएक दिवसांपूर्वीच हलवली, आम्ही दोघांनी उचलून जिन्याखाली नेली, वायरमनला सत्तर रुपये दिले. आता तिथे साड्यांचा एक लाकडी खोका उपडा ठेवलाय. पहिल्या दिवशी डावा पाय पुढे ठेवायलाच विसरत होतो, जागा मोकळी असून पाय जुन्याच जागी मागे जायचा. आज दहावा दिवस, दुखणं आहे पण पाचऐवजी साडेसातला सुरू होतं.

दुपारी गोडाऊनमधून आलो तर शेटजी माझ्या काउंटरला उभे राहून फोनवर बोलत होते, एक पाय खोक्यावर. मी आलो तरी काढला नाही. उद्या दुसरा खोका आणतो.

अमळनेरचा_टेलर

दोन महिने नवीन पॅन्ट शिवू नका भाऊ, माप बदलेल.